दोन सदिश, दोन प्रश्न

अनेक आशीर्वाद.

सदिशांचा, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचा, एक गुणाकार संख्या देतो आणि दुसरा सदिश, मग यातला खरा कोणता, असं तू विचारलं आहेस. नुसती सूत्रं घोकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, म्हणून तो वाचून बरं वाटलं.

सूत्रं थोडी बाजूला ठेव. दिशा असलेल्या दोन राशी समोर आल्या, की विचारण्यासारखं दोनच असतं: पहिली दुसरीच्या दिशेने किती, आणि तिला आडवी किती? चाकांची बॅग जमिनीशी 60 अंशांचा कोन करून ओढली, तर लावलेल्या बलातलं निम्मंच बल बॅग पुढे नेतं. कार्य, म्हणजे बल गुणिले अंतर, मोजायचं तर तेवढंच बल धरायचं. हा अदिश गुणाकार. नट आवळताना उलटं होतं. पान्याच्या दांड्याच्या दिशेने कितीही जोर लाव, नट हलणार नाही. फिरवतो तो आडवा जोर. शिवाय कोणत्या अक्षाभोवती आणि कुठल्या बाजूला फिरवतो, हेही सांगावं लागतं, म्हणून इथे उत्तर सदिश. हा सदिश गुणाकार.

कागदावर कर. एक सदिश पूर्वेला 3 आणि उत्तरेला 4, म्हणजे लांबी 5. दुसरा नुसता पूर्वेला 2. दिशेने जाणारा भाग 3 × 2 = 6, आडवा 4 × 2 = 8. लांबींचा गुणाकार 10. आता 36 आणि 64 मिळव: 100! दोन्ही उत्तरं एकत्र ठेवली की काहीच हरवत नाही. एकटं 6 घेतलंस तर मात्र उत्तरेचे 4 गेलेच. नुसत्या 6 वरून मूळ सदिश परत मिळत नाही, म्हणूनच सदिशाने भागता येत नाही.

हे दोन्ही गुणाकार मुळात एकाच घरचे. हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाला 1843 साली डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना चतुर्दल संख्या (चार घटकांच्या संख्या, क्वाटर्निअन) सुचल्या, त्यांच्या एकाच गुणाकारात हे दोन्ही भाग होते (अदिश भाग ऋण चिन्हासह). पुढे अमेरिकेत गिब्जने आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडने ते वेगळे काढले, कारण भौतिकशास्त्रात ते वेगवेगळे लागत होते. हॅमिल्टनच्या अनुयायांना ते मुळीच रुचलं नाही. माझं मत गिब्जच्या बाजूने.

आता एक काम. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कणावरचं बल वेग आणि क्षेत्र यांच्या सदिश गुणाकारातून येतं. त्या बलाचा वेगाशी अदिश गुणाकार काढ, आणि कणाची चाल वाढते का, ते मला कळव.