निजायच्या खोलीतील भारताच्या वाटेवरचे सामान

न्यू जर्सीतील एडिसनहून एका भगिनीने लिहिले आहे की, सोळा वर्षांच्या संसारात त्यांच्या निजायच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. पलंगाखाली चार बॅगा आहेत, क्लोझेटमध्ये दिवंगत सासूबाईंच्या साड्या आणि त्यांनी शिवलेली गोधडी आहे, खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे, आणि खिडकीशी ‘पुढच्या खेपेला भारतात न्यायचे’ म्हणून ठेवलेली खोकी आहेत. नवऱ्याला काही टाकवत नाही, त्यांना काही ठेववत नाही, आणि दिवा मालवल्यावरही तो पसारा डोळ्यांपुढून हलत नाही, असे त्या म्हणतात.

ताई, तुमचे पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की, खुर्चीवरचे कपडे सोडले तर जवळजवळ सगळे सामान एक तर भारतातून आलेले आहे किंवा भारतात जाण्यासाठी थांबलेले आहे. तिकडे अशा वस्तूंना वाट फुटत असे. जुनी साडी बोहारणीकडे जाई आणि तिच्या बदल्यात पातेले घरात येई, विरलेली लुगडी गोधडीत शिवली जात, रद्दीवाला अधूनमधून दार वाजवी, आणि एवढे करून जे उरे ते माळ्यावर चढे. तुमच्या घरी यांपैकी कोणी येत नाही, आणि दिवाणखाना पाहुण्यांसाठी नीट ठेवायचा असतो, म्हणून सगळे निजायच्या खोलीत लोटून दार ओढून घेतले जाते. या सामानाला आधी वाट करून द्या. नाहीतर दर सुट्टीत तेच खोके तुम्ही एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीशी नेत राहाल.

आरंभ बॅगांपासून करा. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा हे माप आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, रिकामी बॅग दिसली की तिच्यात काहीतरी टाकून ठेवावेसे वाटते. चारही बॅगा ओढून जमिनीवर उघडा. भाच्यांसाठी घेतलेले आणि आता त्यांना न होणारे कपडे, मुदत संपलेली चॉकलेटे, आणि लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तेलकट कागद, असे बरेच काही निघेल. भारतात न्यायच्या वस्तूंसाठी एकच बॅग ठेवा, तिच्यावर प्रवासाची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, आणि तिकीट काढलेले नसेल तोवर ती रिकामी असू द्या. बाकीच्या बॅगा एकात एक घालून तळघरात हलवा, पण तिथे ओल असेल तर त्या थेट जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

साड्यांविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथेच घरात शब्दाला शब्द लागतो. यजमान कामावर गेले असताना हे कपाट कृपया उघडू नका. एखाद्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर दोघे मिळून बसा, एकेक साडी त्यांच्याच हातात द्या, आणि कोणती साडी कोणाच्या लग्नातली, कोणती कोणत्या मंगळागौरीची, हे ते सांगतील तसे वहीत लिहून घ्या. नणंदेलाही व्हिडिओ कॉलवर बोलवा. आईच्या साड्यांवर तिचाही तेवढाच हक्क आहे, आणि तिला न विचारता दिलेली एक साडी पुढे कित्येक वर्षे बोलण्यात येत राहते. ठेवायच्या साड्या यजमानांनाच निवडू द्या, मग त्या पाच निघोत वा बारा. उरलेल्यांतील नऊवारी तुमच्या भागातील मराठी मंडळाला नाटकासाठी किंवा गणेशोत्सवातील नृत्यासाठी हव्या आहेत का ते विचारा. तिथे त्या खरोखर नेसल्या जातात.

ठेवलेल्या साड्या मात्र जपून ठेवा. माझ्या आईची पैठणी मी नऊ वर्षे दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच राहू दिली होती. उलगडली तेव्हा पदरावरच्या मोराच्या गळ्यातून घडीची रेघ गेलेली होती, आणि त्या रेघेवर जर तुटून तिची टोके वर आली होती. त्याचे मला आजही फार वाईट वाटते. रेशमी साडी धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळावी, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घालावी, आणि जड जरीची साडी हँगरला लटकवू नये. डांबरगोळ्या तर निजायच्या खोलीत नकोतच, कारण नॅफ्थलीनची वाफ क्लोझेटच्या दारातून बाहेर येते आणि जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. त्यापेक्षा हवा कोरडी राखा. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातील आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी असे सांगते, आणि न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात त्यासाठी खोलीत डीह्युमिडिफायर लावावा लागतो.

उशाशी आणि खणांत साठलेल्या कागदांचा निकाल एका बैठकीत लागतो. जुने पासपोर्ट, इमिग्रेशनच्या अर्जाला मंजुरी मिळाल्याचे आय-७९७ हे सूचनापत्र, भारतीय नागरिकत्व सोडल्याचे प्रमाणपत्र आणि गावच्या जमिनीचे दस्त कायमचे जपायचे असतात, तेव्हा ते आगीत टिकणाऱ्या पेटीत घालून खोलीबाहेर ठेवा. आयकराचे कागद साधारणपणे ३ वर्षे, आणि भारतातील बँक खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला कळवत असाल तर त्या नोंदी ५ वर्षे ठेवाव्या लागतात. त्याहून जुने विवरण फाडण्याच्या यंत्रात घालण्यापूर्वी तुमच्या करसल्लागाराला एकदा विचारा. भारतातून आणलेल्या आणि मुदत संपलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातील परतपेटीत टाका.

खोकी निघाली की खिडकी मोकळी राहील याची खात्री करा, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची तीच दुसरी वाट असते. हीटरपासून पेट घेणारी कोणतीही वस्तू ३ फूट दूर असावी. घरात लहान मूल असेल तर कपड्यांचे खणाचे कपाट भिंतीला पट्टीने आवळून घ्या. खुर्चीवरच्या ढिगासाठी दाराच्या मागे चार खुंट्या ठोका. एकदा घातलेले पण धुवायला टाकण्याजोगे नसलेले स्वेटर तिथे लटकतील, आणि खुर्ची दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, म्हणजे ढिगाला बूडच राहणार नाही.

आता राहिली गोधडी. ती प्लॅस्टिकमधून काढा, टाके उसवले असतील तर आधी हाताने धावदोरा घालून घ्या, आणि लाँड्रोमॅटमधल्या पुढून दार असलेल्या मोठ्या यंत्रात थंड पाण्यावर, सौम्य फेरीत धुवा. ओली गोधडी फार जड होते, दोरीवर टाकली तर तिचे टाके ओढले जातात, म्हणून मागच्या अंगणात चादर पसरून तिच्यावर आडवी वाळवा. वाळली की क्लोझेटमध्ये परत ठेवू नका. ती पलंगाच्या पायथ्याशी, यजमान ज्या बाजूला निजतात त्या बाजूला, घडी करून ठेवा.