शहरात फार्महाऊससारखं घर शोधताना: वाचकांचे प्रश्न

होळी झाली की फोन आणि पत्रं सुरू होतात. मे महिन्यात गावी येऊन, चार दिवसांत घर बघून, टोकन देऊन परत जायचं असा बेत असतो. रत्नागिरीत वास्तुविशारद म्हणून काम करताना दरवर्षी तोच गोंधळ समोर येतो, म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरं देते.

निवृत्तीनंतर डोंबिवलीहून रत्नागिरीत यायचं आहे. उतरतं छप्पर, पडवी, थोडं अंगण, विजेचं बिल कमी आणि दवाखाना जवळ. कोणता भाग बघावा?

शहरातल्या मारुती मंदिर, माळनाका या भागांत नवी मोकळी जागा मिळणं अवघड. तिथे एखादं जुनं कौलारू घर विक्रीला निघालं तर ते आधी बघा. नीट दुरुस्त केलेलं जुनं घर बहुतेक नव्या बंगल्यांपेक्षा थंड राहतं. नवं बांधकाम हवं असेल तर नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी, शिरगाव या बाजूंना फिरा. या वेगळ्या ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, म्हणून मंजूर नकाशा मागा. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या जागेला वारा भरपूर, पण पाणी आणि सावली कमी. एक फेरी मे महिन्यात मारा आणि विहिरीला किती पाणी उरतं, टँकर येतो का, हे शेजारच्या घरी विचारा. दुसरी फेरी जुलैत, भर पावसात. त्याशिवाय जागा कळत नाही.

पाच गुंठ्यांचा 'फार्महाऊस प्लॉट' मिळतोय. आम्ही शेतकरी नाही, पण सातबाऱ्यावर नाव लागेल असं एजंट म्हणतो.

घेऊ नका. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि शेती विभागात फार्महाऊस बांधायला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. पाच गुंठ्यांवर 'फार्महाऊस' हा शब्द फक्त जाहिरातीत असतो. एकाच सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं लावून देणारेही आहेत. त्यात तुमचे पाच गुंठे नेमके कुठले, हे कोणीच सांगू शकत नाही. जमीन बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन असेल तरच पुढे बोला, तेही वकिलाला दाखवून.

समुद्राकडे पूर्ण काचेची भिंत आणि छतावर 3 किलोवॅटचा सोलर असलेला बंगला पाहिला. 'एनर्जी एफिशियंट' आहे, बिल शून्य येईल असं सांगतात. घ्यावा का?

या प्रश्नासाठीच खरं तर हे सदर लिहायला बसले.

सोलर वीज तयार करतो, घर थंड करत नाही. तापलेल्या घरात तीन एसी लावायचे आणि त्यांची वीज छतावर बनवायची, याला वीज वाचवणं म्हणत नाहीत. 3 किलोवॅटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण 12 युनिट देतात, आषाढ-श्रावणात त्याहून कितीतरी कमी. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळतं, ते जरूर घ्या. पण आधी घर तपासा.

आपला उकाडा विदर्भासारखा नाही. पारा फार चढत नाही, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. म्हणून इथे दोनच गोष्टी कामाला येतात: भिंतीवर सावली आणि अंगावर वारा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात भरदुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, तेव्हा सगळा मारा छतावर असतो. चारनंतर तोच सूर्य पश्चिमेकडून आडवा येतो आणि थेट काचेतून आत शिरतो. त्याला वरचा छज्जा अडवत नाही. खोल पडवी, उभ्या पट्ट्या किंवा झाडच लागतं. जुन्या घरांच्या पडव्या इतक्या खाली उतरलेल्या का, याचं उत्तर यात आहे.

गेल्या मे महिन्यात असाच एक बंगला बघायला गेले होते. संध्याकाळी साडेसात वाजले होते, सूर्य बुडाला होता, तरी काचेला आतून हात लावला तर ती कोमट होती. मालकांनी समुद्राच्या बाजूला दोन जाड चादरी कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवल्या होत्या. ज्या देखाव्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो मार्चपासून झाकलेला.

वाऱ्याचंही तसंच. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. झोपायच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी नसेल तर रात्रीचा वारा आत येणारच नाही. त्या काचेच्या भिंतीतला किती भाग उघडतो, हे मोजा. सरकत्या खिडकीचा जेमतेम निम्मा भाग उघडतो, बिजागरीची पूर्ण उघडते. टोकन देण्याआधी नकाशा एखाद्या वास्तुविशारदाला दाखवा; इथलाच कोणी असेल तर उत्तम, कारण वारा त्याच्या ओळखीचा असतो. आणि मे महिन्यात दुपारी चार ते सहा त्या घरात पंखा बंद करून बसा. मालक नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

जांभा की एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे)?

जवळच्या खाणीतला, नीट वाळलेला चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) आणि बाहेर दोन-अडीच फूट छप्पर येणार असेल तर जांभा. छप्पर तोकडं असेल तर दोन्ही भिंती ओल धरतील.

कौलांवर सोलर बसतो का?

बसतो, पण वाशांचा भार अभियंत्याकडून तपासून, आणि खाऱ्या हवेमुळे सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा हॉट-डिप गॅल्वनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचाच) घ्या.

माहितीपत्रकावर 'ग्रीन प्री-सर्टिफाईड' लिहिलंय. पुरेसं आहे?

नाही. तो शिक्का आराखड्याला असतो, बांधून झालेल्या घराला नाही. गृहा किंवा आयजीबीसी या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्थेचं अंतिम प्रमाणपत्र मागा आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव शोधा. बिल्डरच्या वास्तुविशारदाला इको निवास संहितेतला, म्हणजे घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत संहितेतला, आरईटीव्ही आकडाही विचारा. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा तो आकडा चौरस मीटरला 15 वॉटच्या वर जाऊ नये. प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि आठहून जास्त घरांचा असेल तर महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणीही बघा. प्लॉटिंगलाही ती लागते.

भाट्ये खाडीकाठी जागा आहे. 'सीआरझेड आता उठला' असं गावात सगळे म्हणतात.

सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम. तो उठलेला नाही. 2019 च्या अधिसूचनेत खाडीकाठची पट्टी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जी कमी असेल ती धरली आहे. पण ती जिथून मोजायची ती भरती रेषा कुठे आहे, हे गावातलं बोलणं ठरवत नाही, मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा ठरवतो. तुमचा गट नंबर त्यावर टाकून अधिकृत मोजणी करून घ्या. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी किती चढलं होतं, हे तिथल्या एखाद्या नातेवाइकाला विचारा आणि मग खाडीकाठच्या जोत्याची उंची ठरवा.

एजंट म्हणतो, पावसाआधी व्यवहार उरका, नंतर भाव वाढेल.

पावसाआधीची घाई त्याच्या सोयीची आहे, कारण गळती, साचणारं पाणी आणि चिखलाचा रस्ता जूननंतरच दिसतो. टोकन दिलं नसेल तर ऑगस्टपर्यंत थांबा. दिलं असेल तर पावती, सातबारा, फेरफार आणि मंजूर नकाशा घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.