‘फार्स’ हा शब्द तेवढा काढ

अनेक आशीर्वाद.

म्यानमारवरचा तुझा लेख काल रात्री वाचला. भाषा चांगली आहे, राग तर त्याहून चांगला. पण ‘२०१० ची निवडणूक म्हणजे निव्वळ फार्स’ असं पहिल्याच ओळीत लिहून तू मोकळी झालीस. मग वाचकाने पुढे वाचायचं कशाला? हे मी अनुभवाने बोलतोय. ७ नोव्हेंबर २०१० ला विदेशपानावर मीच होतो आणि हाच शब्द मथळ्यात टाकून ती बातमी मी एका कॉलमात गुंडाळली होती. सहाच दिवसांनी तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची नजरकैदेतून सुटल्या आणि वाचकांचे फोन आले, या बाई निवडणुकीत उभ्या का नव्हत्या? आमच्या अंकांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

तेव्हा मतदानाच्या दिवसापासून सुरुवात करू नकोस. अशा निवडणुकीत जे व्हायचं ते आधीच राजपत्रात छापून झालेलं असतं. मे २००८ च्या सुरुवातीला नर्गिस चक्रीवादळाने इरावती नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात लाखाहून अधिक माणसं गिळली. त्यानंतर आठवडाभरात सत्तेवरच्या लष्कराने नव्या राज्यघटनेवर सार्वमत उरकायला घेतलं. झोडपलेल्या भागांना काय ते दोन आठवडे वाढवून दिले. ९२ टक्क्यांहून जास्त होकार मिळाल्याचं जाहीर झालं.

खरी मेख त्या घटनेत आहे. कागद घे आणि हिशेब मांड. दोन्ही सभागृहांच्या मिळून ६६४ जागा. त्यांतल्या १६६ वर सरसेनापती नेमतील ते अधिकारी. हिरव्या गणवेशात एकगठ्ठा बसायचे. बहुमताला लागतात ३३३. म्हणजे लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाने १६७ जागा आणल्या की भागलं, आणि विरोधकांना मात्र निवडून येणाऱ्या ४९८ पैकी ३३३ हव्यात. घटनादुरुस्तीच्या महत्त्वाच्या कलमांना तीन चतुर्थांशांहून जास्त मतं लागतात, तेव्हा लष्कराने मान हलवल्याशिवाय तिथे काना-मात्राही बदलत नाही. एवढं दाखवलंस की ‘फार्स’ हा शब्द वाचकच उच्चारेल.

मार्च २०१० चे निवडणूक कायदेही नीट वाच. शिक्षा भोगणाऱ्याला पक्षाचं सदस्य राहता येणार नाही, असं त्यात होतं. सू ची तेव्हा नजरकैदेत. पक्षाने एकतर त्यांना काढायचं, नाहीतर नोंदणीवर पाणी सोडायचं. उमेदवारीचं शुल्क ५ लाख क्यात (तिथलं चलन). एप्रिलमध्ये पंतप्रधान थेन सेन आणि बरेच मंत्री गणवेश उतरवून ‘नागरिक’ झाले, लष्कराच्या मर्जीतल्या यूएसडीपी पक्षाचे उमेदवार झाले. मतमोजणीत पुढे असलेले उमेदवार आगाऊ मतं मोजल्यावर मागे पडल्याच्या तक्रारी नंतर आल्या, पण तोवर बरंच काम उरकलेलं होतं.

आता तुझ्या लेखातला मला सर्वांत खटकलेला भाग. सू चींच्या पक्षाने बहिष्कार घातला आणि काही जुने नेते फुटून ‘एनडीएफ’ नावाने लढले. त्यांना तू ‘लष्कराची बी टीम’ म्हटलंयस. जरा थांब. १९९० ला सू चींच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकूनही ती संसद कधी भरलीच नाही. ज्याने ते सोसलं तो पुन्हा रांगेत कशाला उभा राहील? पण वीस वर्षं बंद दार बघून ज्याचा जीव विटला, त्याने फट दिसताच खांदा का लावू नये? दोन्ही बाजूंना तुरुंगवास भोगून आलेली माणसं होती. त्यांचं भांडण टोपीवर येऊन ठेपलं. शेतकऱ्याची बांबूची टोपी, कमाऊक, हे १९९० चं सू चींच्या पक्षाचं चिन्ह. एनडीएफने तीच घेतली, वर दोन तारे काढले. जुने सहकारी भडकले. चिन्हावरून माणसं किती दुखावतात, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या तुला मी काय सांगू! पुण्यात पंख्याखाली बसून यात निवाडा देऊ नकोस. टोपीचं लिही.

पुढचंही एका परिच्छेदात यायला हवं. १ एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकीत, त्याच घटनेखाली, सू चींच्या पक्षाने ४५ पैकी ४३ जागा घेतल्या. लष्कराने वसवलेल्या राजधानीतल्या, नेपिडोतल्या, चारही. २०२० मध्ये ४७६ पैकी ३९६. मांडलेलं गणित चुकतंय असं दिसल्यावर लष्कराने पाटीच फोडली, सत्ता बळकावली. १ फेब्रुवारी २०२१, नवी संसद भरायची होती त्याच दिवशी पहाटे.

आणि हो, मंडाले आलं की मराठी लेखणी टिळकांकडे धावतेच. तू तर वर रत्नागिरीचा थिबा राजाही आणलायस. दोन्ही नाती खरी आहेत, पण इथे ती आगंतुक वाटतात. तो परिच्छेद काढ, तेवढीच टोपीला जागा होईल.

सुधारलेला मजकूर शुक्रवारी दुपारपर्यंत पाठव. ६६४ चा हिशेब चौकटीत वेगळा दे, पान लावणाऱ्याला तसं आधी सांगावं लागतं.