एक कप म्हणजे किती ग्रॅम? आधी कप कुणाचा ते सांगा

ताई, तुम्ही फोंड्याहून विचारलंय की अमेरिकन रेसिपीतला 2 कप मैदा 480 ग्रॅम धरून घेतला आणि केक विटेसारखा झाला, चुकलं कुठे? चुकलं त्या 480 मध्येच. 240 हे कपाचं माप आहे, मिलिलिटरचं. पाणी तेवढ्याच ग्रॅमचं भरतं, मैदा नाही. 240 च्या कपात मैदा साधारण 125 ग्रॅम बसतो, म्हणजे तुमच्या केकात मैदा जवळजवळ दुप्पट गेला. साखर मात्र कपाला 200 ग्रॅम भरते, तिथे फरक थोडाच पडला. सगळंच सारखं वाढलं असतं तर नुसता मोठा केक झाला असता. इथे प्रमाणच मोडलं.

बाकीचे आकडे मी असे धरते: पिठीसाखर 120, बारीक रवा 170, बटर 227, तेल 220, कोको 85 ते 100.

मैद्याचं मात्र थोडं सांगायलाच हवं. पूर्वी आमच्याकडे भात कुडवाने मोजायचे, तेव्हा माप शिगेचं की सपाट यावरून खळ्यात वाद व्हायचे. मैद्याचं तेच आहे, फक्त शीग आत दडलेली असते. मी एकदा काट्यावर करून पाहिलं. कप सरळ डब्यात खुपसून भरला, वरून सुरीने सपाट केला: 148 ग्रॅम. तोच कप चमच्याने सैल भरून सपाट केला: 123. दिसायला दोन्ही सारखेच. दोन कपांत 50 ग्रॅमचा फरक! रेसिपीत ग्रॅम दिले असतील तर तेच घ्या. नसतील तर 125 धरा.

आता देशी रेसिपींचं. शेजारच्या आंटीने मला बाथची, म्हणजे रवा-नारळाच्या गोवन केकची, कृती सांगितली होती: रवा 2 कप, साखर दीड कप, खवलेला नारळ 2 कप, अंडी 4. मी मापाच्या कपाने केलं, मिश्रण रात्रभर ठेवलं, तरी कोरडं ठक्क. शेवटी तिचा कप मागून आणला. कान तुटलेला चहाचा कप! काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि काठोकाठ पाणी ओतलं: 190 ग्रॅम, म्हणजे 190 मिलिलिटर. तिच्या कपाने रवा 270 ग्रॅमच्या आसपास होतो, मी घेतला होता 340. अंडी मात्र दोघींची चारच. एकाच कपाने सगळं मोजलं तर कप कुठलाही चालतो हे खरं, पण अंडी काही कपाबरोबर लहान-मोठी होत नाहीत. आईची, आजीची कृती ग्रॅममध्ये उतरवायची असेल तर आधी त्यांच्या भांड्याला पाणी पाजा.

नारळाचे ग्रॅम मी कुणाला सांगत नाही. आदोळीवर (विळीवर) खवलेला सैल पडतो, हाताने दाबला की कपात बराच जास्त बसतो. एकदा आपल्या हाताने भरून वजन करा आणि ते वहीत लिहा. माडाच्या गुळाचंही तेच.

बेकिंग पावडर, सोडा, मीठ यांना काट्यावर चढवू नका. घरचा काटा एकेक ग्रॅमने चालतो, 3-4 ग्रॅमला तो हमखास फसवतो. तिथे मापाचे चमचेच बरे, आणि तेही सपाट. चहाचा चमचा नको. रेसिपी ऑस्ट्रेलियन असेल तर त्यांचा मोठा चमचा 20 मिलिलिटरचा असतो आणि कप 250 चा, इतरांचा मोठा चमचा 15 चा. बटरची एक ‘स्टिक’ म्हणजे 113 ग्रॅम. आपली 100 ची वडी अख्खी घालून वर मोठा चमचाभर घाला. वडी खारट असेल तर मीठ वगळा.

पावसात मैद्याच्या गुठळ्या होतात, तेव्हा ‘चाळून एक कप’ की ‘एक कप चाळून’ हा घोळ असतो. वजनाने घेतलात तर कधीही चाळा.

पुढच्या वेळी मैदा 250 ग्रॅम घ्या. बटर किती धरलं होतंत तेही लिहा, तिथेही काही झालंय का ते बघू.