आईला स्किझोफ्रेनिया आहे, शिकायला पुण्याला जाऊ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आई गोळ्या फक्त तुझ्या हातून घेते, पुण्यात ॲडमिशन मिळालीय, आणि बाबा म्हणतात, तू गेलीस तर हिचं कसं व्हायचं. शिवाय हा आजार उद्या तुलाही होईल का, ही धास्ती.

जा. माझे वडील मी चौथीत असल्यापासून आजारी होते, त्यामुळे हे वरवर म्हणत नाहीये.

गोळ्यांचं काम तुझ्याकडे आलं, कारण तू समजूतदार होतीस आणि मोठ्यांना ते सोयीचं पडलं. आता ते बाबांकडे किंवा मावशीकडे जायला हवं, तू निघायच्या आधी महिनाभर, तुझ्यासमोर. डॉक्टरांना लाँग ॲक्टिंग इंजेक्शनबद्दल जरूर विचारा. काही औषधं पंधरा दिवसांनी किंवा महिन्यातून एकदा टोचून देता येतात, मग रोजची विनवणी वाचते. सगळ्यांनाच चालतं असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. चहात गुपचूप गोळी घालायचा मार्ग मात्र नको. आमच्याकडे आजी घालायची. ज्याला आधीच 'मला विष देतायत' असं वाटतंय, त्याला ते कळलं की घरातलं पाणीसुद्धा तो पीत नाही.

'शेजारीण करणी करते' असं आई म्हणाली तर बाबांनी वाद घालू नये, हो ला होही करू नये. 'तुला भीती वाटतेय ना, मी आहे' एवढं पुरे. सतत टोमणे आणि राग असलेल्या घरात आजार लवकर उलटतो. झोप उडणं, जेवण टाळणं, पुटपुटणं, आईची जी पहिली लक्षणं तुला पाठ आहेत ती कागदावर उतरवून दे. ती घरात तुझ्याइतकी कुणालाच माहीत नसणार.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आई बरी असताना आपला प्रतिनिधी नेमू शकते, पुढे कसे उपचार हवेत तेही लिहून ठेवू शकते. प्रतिनिधी म्हणून तुझं नाव घालू देऊ नकोस.

आता तुझी धास्ती. एरवी हा आजार शंभरात साधारण एकाला होतो, आई किंवा वडिलांना असेल तर दहात एकाला. म्हणजे दहातल्या नऊ जणांना होत नाही. हॉस्टेलवर गांजा समोर येईल, बाकीच्यांचं ते बघून घेतील, घरात हा आजार असताना तो धोका तुला परवडणारा नाही.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', १९९७ पासून आहे. तिथे शुभंकरांचे, म्हणजे आपल्यासारख्या सांभाळणाऱ्यांचे, गट असतात. एकदा जाऊन बस, बोललीच पाहिजेस असं नाही. बाबांच्या मोबाइलमध्ये टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर टाक, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

फी भरायची शेवटची तारीख कधी आहे?