सव्हाना: आई-बाबांसोबत जुनं गाव कसं बघावं

अटलांटाहून आई-बाबांना घेऊन दोन दिवस अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्याच सव्हानाला जायचंय, बाबांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात, तर काय काय बघू आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या ट्रॉली-बसची तिकिटं काढू का, असं विचारलंयत. ट्रॉलीचं आधी सांगतो: पहिल्या दिवशी तरी काढू नका. हे गाव चौकाचौकांत बसत बसत बघायचं, आणि काकूंच्या गुडघ्यांनाही तेच सोसेल. जमीन सपाट, चार पावलांवर पुढचा चौक, तिथे बाकं आणि ओकची गच्च सावली.

१७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्प या इंग्रजाने वसाहत आखली ती अशी: मधे चौक, त्याच्या उत्तर-दक्षिणेला घरं, पूर्व-पश्चिमेला चर्च वगैरे सार्वजनिक इमारतींच्या जागा. पुढे सव्वाशे वर्षं गाव याच साच्यात वाढलं. चौक २४ झाले, त्यातले २२ आज आहेत. काकांना हे आधीच सांगून ठेवा, मग प्रत्येक चौकात ते स्वतःच दिशा लावत बसतील.

सिटी हॉलच्या सोनेरी घुमटापासून बुल स्ट्रीटने दक्षिणेला निघा. जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, मॉन्टेरी असे पाच चौक ओळीने लागतात आणि शेवटी फोर्सिथ पार्कातलं १८५८ चं कारंजं. सगळं मिळून जेमतेम मैलभर.

राइट स्क्वेअरला नीट थांबा. ओगलथॉर्पला इथे वसू देणारा यामाक्रॉ या मूळनिवासी लोकांचा प्रमुख तोमोचीची १७३९ मध्ये वारला, त्याला याच चौकात मानाने पुरलं. १८८३ मध्ये त्याच जागी रेल्वे कंपनीचा अध्यक्ष गॉर्डन याचं भलंमोठं स्मारक उभं राहिलं. ते खटकलं खुद्द गॉर्डनच्या सुनेला. तिने पुढाकार घेऊन १८९९ मध्ये चौकाच्या कोपऱ्यात तोमोचीचीच्या नावाने ग्रॅनाइटची ओबडधोबड शिळा बसवून घेतली. बहुतेक लोक स्मारकाचा फोटो काढून निघून जातात, शिळेकडे कुणी बघत नाही.

मॅडिसन स्क्वेअरला ग्रीन-मेलड्रिम हाउस आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा जनरल शर्मन जॉर्जियात जाळपोळ करत इथवर आला, आणि डिसेंबर १८६४ मध्ये त्याचा मुक्काम इथे होता. राष्ट्राध्यक्ष लिंकनला नाताळची भेट म्हणून सव्हाना देतो, सोबत तोफा आणि सुमारे २५,००० गासड्या कापूस, अशी तार त्याने याच मुक्कामात केली. मॉन्टेरीला मिक्वे इस्रायल हे सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरून थेट गॉथिक चर्च वाटेल असं.

एकाच घराचं तिकीट काढायचं तर ओवेन्स-थॉमस हाउसचं काढा. १८१९ चं हे घर विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुकाराचं. आत पावसाचं पाणी साठवून नळाने खेळवलेलं, आणि वरच्या मजल्यावर घराचे दोन भाग जोडणारा चक्क एक पूल. पण खरं बघायचं ते मागच्या अंगणात: गुलामांच्या खोल्या. तिथल्या छताला अजून जुना फिकट निळा रंग आहे, भुताखेतांना दूर ठेवणारा मानतात तो. पुढचा दिवाणखाना कुणाच्या कष्टांवर उभा होता ते इथे कळतं. नुसती झुंबरं दाखवणाऱ्या वाड्यांवर मी वेळ घालवणार नाही, रात्रीच्या भुतांच्या टूरवर तर नाहीच.

फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चही चुकवू नका. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. पळून आलेल्या गुलामांना खाली लपवत आणि हवेसाठी ती भोकं ठेवली होती, असं चर्चची मंडळी सांगतात. टूरच्या वेळा आधी बघून घ्या.

गाडी जवळच्या एलिस स्क्वेअरखाली लावा. त्यामागेही कथा आहे. शर्मनने न जाळलेलं हे गाव नंतर गाववाल्यांनीच पाडायला घेतलं होतं. १९५४ मध्ये इथला जुना बाजार पाडून पार्किंगची इमारत बांधली. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस या जुन्या घरावर तीच पाळी आली, तेव्हा सात बायकांनी पैसे जमवून ते विकत घेतलं आणि गाव वाचवण्याची चळवळ सुरू झाली. चौक २०१० मध्ये परत मिळाला, पार्किंग जमिनीखाली गेलं.

रिव्हर स्ट्रीटला मात्र जपून. जहाज स्थिर राहावं म्हणून भार म्हणून भरून आणलेले दगड तिथे रस्त्याला आहेत आणि उतरायच्या पायऱ्या उंच, अरुंद. काकूंना लिफ्टनेच न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने वर्म्सलो या गावाबाहेरच्या जुन्या जहागिरीला जा. दीड मैल लांब ओकची कमान आणि टोकाला टॅबीच्या भिंतींचे अवशेष. टॅबी म्हणजे शिंपल्यांचा चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले. भिंतीत ते जसेच्या तसे दिसतात.

१७ मार्चच्या आसपास जाऊ नका, सेंट पॅट्रिक या आयरिश सणाच्या मिरवणुकीला तोबा गर्दी असते. जुलै-ऑगस्टचा उकाडा काका-काकूंना झेपणार नाही. आणि शाकाहारी असाल तर कोलार्ड ग्रीन्सची भाजी मागवताना विचारून घ्या, बऱ्याचदा ती डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली असते.