चारवर वादळ, एक-दोन-तीनवर चिडीचूप

प्रश्न : माझ्या बारा वर्षं जुन्या गाडीचा ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) फक्त चार नंबरवर चालतो. एक, दोन, तीनवर ढिम्म. एसी लावा नाहीतर हीटर. रोज पहाटे पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला जातो. चारवर आवाजानं डोकं उठतं, बंद केला की काचेवर वाफ धरते. गॅरेजवाले म्हणतात मोटर बदला. बदलू का? (एक वाचक, पाचगणी)

उत्तर : पाकीट आधी खिशात ठेवा. मोटर गेली असती तर चारवर तरी कशी फिरली असती?

एसी आणि हीटर दोघांना पंखा एकच. चारवर त्याला बॅटरीचा करंट थेट मिळतो. खालच्या नंबरांना तो रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंट कमी करणाऱ्या छोट्या भागाच्या, तारांमधून जातो. एकवर सगळ्या तारांतून, म्हणून वारा सर्वांत कमी. ह्या रेझिस्टन्सवरच गरम झाल्यावर उडणारा एक बारका फ्यूज असतो. तो उडाला की खालचे तिन्ही नंबर एकदम जातात. तुमचं दुखणं मला हेच वाटतं. मधला एखादाच नंबर गेला असता, तर मी नॉबच्या स्विचवर किंवा एखाद्या तुटक्या तारेवर संशय घेतला असता.

बहुतेक छोट्या गाड्यांत रेझिस्टन्स ग्लव्ह बॉक्समागे, ब्लोअरच्या डब्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. चावी बंद करून काढा. ओहम मोजणारा मीटर लावलात तर पिनांमध्ये जेमतेम काही ओहम दिसायला हवेत. आकडाच येत नसेल तर तो मेला. कपलरही, म्हणजे त्यात खोचलेला वायरींचा जोड, निरखून पाहा. प्लॅस्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलं असेल तर नुसता रेझिस्टन्स बदलून भागणार नाही, कपलरही नवा लागेल.

पण तो कशामुळे जळला, हे न बघता नवा घालू नका. रेझिस्टन्स वाऱ्याच्या वाटेत बसवतात तो थंड राहावा म्हणून. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) चोंदला की वारा अडतो आणि तो तापतो. एका गाडीतून मी पालापाचोळा आणि उंदरानं कुरतडलेल्या फिल्टरचा मूठभर कापूस काढलाय. मग पंखा हातानं फिरवा. जड लागला, करकरला, तर मोटर जास्त करंट ओढतेय. नवा रेझिस्टन्सही काही महिन्यांत जाईल. असं निघालं तर मात्र गॅरेजवाल्याचं ऐका.

उडालेल्या फ्यूजवर तारेचा तुकडा पिळून देणारे महाभाग आहेत. अशी एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा डब्याचं प्लॅस्टिक मेणासारखं मऊ झालं होतं. तसं कुणाला करू देऊ नका.

काम होईपर्यंत घाटात हवेची कळ बाहेरच्या हवेवर ठेवा, नॉब गरमवर, एसी चालू आणि वारा काचेवर. एसी हवेतला दमटपणा ओढतो, काच लवकर सुटते. आवाज तेवढे दिवस सोसा.